रसायनशास्त्राच्या चाचणीचा अभ्यास

म्हैसूर शहराच्या पूर्व भागात नजरबाद नावाची वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला, त्याचे दगड सुमारे मैलभर पूर्वेकडील उंचवट्यावर नेले आणि तेथे नवा किल्ला बांधावयास घेतला. या किल्ल्याला त्याने नजरबाद हे नाव दिले. १७९९ साली श्रीरंगपट्टणाचा पाडाव झाला, म्हैसूरची गादी पुन्हा वोडेयर घराण्याकडे आली आणि ते दगड उलट वाहून नेऊन म्हैसूरचा किल्ला पुन्हा उभारण्यात आला. नजरबादचा किल्ला नाहीसा झाला. नाव तेवढे उरले. इतिहासाच्या अभ्यासकाला या घटनेत सत्तांतर दिसेल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र तीत आपल्या विषयातील मूलभूत कल्पनेचे चित्र सापडावयास हवे. दगड तेच, मांडणी निराळी. आणि परिस्थिती पालटताच ती मांडणी उलट दिशेनेही बदलू शकते. रासायनिक विक्रिया म्हणजे नेमके हेच होय. अणू नवे निर्माण होत नाहीत किंवा नष्टही होत नाहीत. फक्त कोणता अणू कोणाशी जोडलेला आहे, एवढेच बदलते. अर्थात, बैलगाडीतून नेलेल्या दगडांपैकी काही वाटेत फुटत असतील, काही कोणाच्या घराच्या पायात जात असतील. अणूंच्या बाबतीत अशी गळती होत नाही. विक्रियेपूर्वीचे व नंतरचे वस्तुमान सारखेच भरते, ही गोष्ट फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने आपल्या १७८९ सालच्या ग्रंथात ठामपणे मांडली. ज्याला ती खऱ्या अर्थाने उमगली त्याला समीकरण संतुलित करण्याचा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

पाठ करणे आणि उमगणे यांतील हा भेद येथे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, चाचणी जवळ आली म्हणजे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच मार्गाकडे वळतात. भौतिकशास्त्र समजते किंवा समजत नाही, जीवशास्त्र वाचून लक्षात राहते, आणि रसायनशास्त्र मात्र यांपैकी कोणत्याच सदरात बसत नाही, असा त्यांचा अनुभव असतो. त्यात गणिते असतात, पण ती गणितासारखी वाटत नाहीत. त्यात नावे असतात, पण ती एकमेकांत मिसळून जातात. या गोंधळाची किंमत लहान नसते. वैद्यकीय प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत एकूण ७२० गुणांपैकी १८० गुण रसायनशास्त्राचे असतात. म्हैसूरच्या पदवीपूर्व महाविद्यालयातील मुलगी असो की सांगली-नांदेडकडील बारावीचा मुलगा असो, दोघांच्या पुढील आयुष्याची दिशा या एका विषयामुळे बदलू शकते. बुद्धी कमी पडल्यामुळे हा विषय सोडून देणारे थोडे. अभ्यास कसा करावा हे कोणी सांगितले नाही म्हणून सोडणारेच पुष्कळ, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

सर्वांत रूढ पद्धत म्हणजे पुस्तक पुन:पुन्हा वाचणे. धडा एकदा वाचावयाचा, रंगीत पेन्सिलीने ओळी रंगवावयाच्या, मग रंगवलेल्या ओळी पुन्हा वाचावयाच्या. तिसऱ्या वाचनाच्या वेळी मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ही ओळख म्हणजेच ज्ञान, असा समज होतो. वास्तविक चेहरा ओळखणे आणि तो चेहरा कागदावर काढून दाखवणे यांत जे अंतर आहे, तेच येथेही आहे. आणि परीक्षेत चेहरा काढून दाखवावयाचा असतो. या बाबतीत मानसशास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग उद्बोधक आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस याने स्वत:लाच प्रयोगाचा विषय करून निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि ते किती वेगाने विसरले जातात याची मोजणी १८८५ साली प्रसिद्ध केली. विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच घडून येतो आणि पुढे त्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. १९१७ साली आर्थर गेट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांवर प्रयोग करून दाखवले की, वेळेचा बराच भाग मजकूर न पाहता आठवण्यात घालवणारी मुले केवळ वाचणाऱ्या मुलांपेक्षा अधिक लक्षात ठेवतात.

या विषयावरील अधिक अलीकडचा प्रयोग रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासून पुढील तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट पुढे होता: ८३ टक्क्यांविरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले. पहिल्या गटाला मजकुराचा ४० टक्के भाग आठवला, तर दुसऱ्याला ६१ टक्के. याहून मौजेची गोष्ट अशी की, आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास पहिल्या गटालाच अधिक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री सबंध पुस्तकावरून नजर फिरवून निश्चिंत मनाने झोपी जाणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती याहून निराळी नसते.

तेव्हा अभ्यासाची पहिली क्रिया पुस्तक मिटणे ही होय. एक पोटभाग वाचावा, पुस्तक बंद करावे, कोऱ्या कागदावर जे आठवते ते लिहावे, समीकरणे मांडावीत, उपकरणाची आकृती काढावी. मग पुस्तक उघडून काय राहिले ते दुसऱ्या रंगाच्या शाईने भरावे. दुसऱ्या दिवशी प्रथम ती दुसऱ्या रंगातील भरच पुन्हा आठवून पाहावी. हे काम कष्टाचे आहे. वाचनापेक्षा ते मंद गतीने चालते आणि त्यात आपले अज्ञान उघडे पडत असल्याने मनाला रुचत नाही. परंतु नेमकी हीच अप्रिय बाजू उपयोगाची आहे. आपल्याला काय येत नाही, हे चाचणीच्या आठवडाभर आधी कळले तर त्यावर इलाज करता येतो. चाचणीच्या वेळी कळले तर येत नाही.

येथपर्यंत सांगितलेले कोणत्याही विषयाला लागू पडेल. रसायनशास्त्राची स्वत:ची अशी एक अडचण आहे आणि तिचे विवेचन ग्लासगो विद्यापीठातील ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९८०च्या दशकात केले. त्यांच्या मते रसायनशास्त्रातील प्रत्येक गोष्ट तीन पातळ्यांवर वावरते. एक पातळी डोळ्यांना दिसणारी: परीक्षानळीत पांढरा साका बसला, रंग बदलला, वायू सुटला. दुसरी न दिसणारी: अणू, रेणू व आयन यांची हालचाल आणि जोडणी. तिसरी चिन्हांची: सूत्रे, समीकरणे आणि आकडे. शिक्षक फळ्यासमोर उभा राहून एका वाक्यात या तिन्ही पातळ्यांवरून सहज फिरून येतो. विद्यार्थी मात्र चिन्हांच्या पातळीवरच अडकून पडतो आणि इतर दोन तेथे आहेत याची त्याला गंधवार्ताही नसते. म्हणून कोणत्याही विक्रियेचा अभ्यास करताना तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. काय दिसते? कणांचे काय होते? ते कागदावर कसे लिहावयाचे? तिन्हींची उत्तरे देता आली तरच ती विक्रिया आली असे समजावे.

भाषेचा अडथळाही येथेच लक्षात घेतला पाहिजे. मराठीत मूलद्रव्याच्या लहानात लहान कणाला अणू म्हणतात आणि अणूंच्या जोडणीने बनलेल्या कणाला रेणू. कन्नडच्या पाठ्यपुस्तकांत मात्र पहिल्याला परमाणू म्हणतात व दुसऱ्याला अणू. हिंदीतही तसेच आहे. घरी मराठी बोलणारा आणि शाळेत कन्नड माध्यमात शिकणारा म्हैसूरचा मुलगा जेव्हा 'अणू' हा शब्द ऐकतो, तेव्हा त्याच्या मनात दोन निरनिराळ्या वस्तू उभ्या राहण्याचा संभव असतो. इंग्रजी माध्यमात गेलेल्या मराठी मुलाची अडचण दुसरीच असते. त्याला शब्द नवे असतात आणि कल्पना जुन्या. अशा विद्यार्थ्याने वहीच्या शेवटी एक छोटा कोश करावा आणि प्रत्येक पारिभाषिक शब्दापुढे दुसऱ्या भाषेतील प्रतिशब्दाऐवजी एक उदाहरण लिहावे. चिन्हांचेही तसेच आहे. चांदीचे चिन्ह 'एजी' का, असा प्रश्न पडून विद्यार्थी ते मुकाट्याने घोकतो. ते चिन्ह 'अर्जेन्टम' या लॅटिन शब्दापासून आले आहे आणि आपला 'रजत' हा शब्द त्याच प्राचीन मुळापासून निघालेला त्याचा भाऊबंद आहे, हे एकदा कळले की घोकण्याचे कारण उरत नाही. सोडियमचे नेट्रियम आणि पोटॅशियमचे केलियम ही जुनी नावेही अशीच ओळखून घ्यावीत.

चांदीचा विषय निघालाच आहे, तर एका विक्रियेतून किती अभ्यास होऊ शकतो हे तिच्याच उदाहरणाने पाहणे सोयीचे होईल. १९३७ साली म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वोडेयर यांच्या पुढाकाराने या शहरात लाखेचा व रंगाचा एक कारखाना निघाला. आज तो म्हैसूर पेंट्स अँड व्हार्निश लिमिटेड या नावाने ओळखला जातो आणि राज्य सरकारच्या मालकीचा आहे. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतदारांच्या बोटाला लावावयाची न पुसणारी शाई येथेच तयार होते. तिचे सूत्र राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सिद्ध झाले व ते गुप्त राखले जाते. परंतु तिच्यातील मुख्य द्रव्य सिल्व्हर नायट्रेट आहे, हे सर्वज्ञात आहे. भारतातील जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाने रसायनशास्त्राचा हा प्रयोग स्वत:च्या तर्जनीवर करून पाहिलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

बोटावर काय घडते? शाई लावली जाते तेव्हा तिच्यातील चांदीचे आयन त्वचेवरील घामातल्या क्लोराइड आयनांना भेटतात आणि सिल्व्हर क्लोराइड तयार होते. हे संयुग पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे; एक लिटर पाण्यात जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळते. म्हणून ते धुऊन जात नाही. त्यावर प्रकाश पडला की चांदीच्या आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि धातुरूप चांदीचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात. तेच काळसर दिसतात. साबणाने हा डाग जात नाही. वरची त्वचा झडून नवी येईपर्यंत आणि नखावरचा डाग नख वाढून कापले जाईपर्यंत तो टिकतो. प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट हाताळताना निष्काळजीपणा करणाऱ्या विद्यार्थ्याची बोटे दुसऱ्या दिवशी काळी दिसतात ती याच कारणाने.

आता हीच विक्रिया अभ्यासक्रमात कोठे कोठे येते ते पाहावे. लवणांच्या गुणात्मक विश्लेषणात क्लोराइडची कसोटी हीच आहे: द्रावणात विरल नायट्रिक आम्ल घालून सिल्व्हर नायट्रेट टाकले की दह्यासारखा पांढरा साका मिळतो. नायट्रिक आम्ल आधी का घालावयाचे, हा तोंडी परीक्षेतील ठरलेला प्रश्न. कार्बोनेटही चांदीबरोबर साका देते, तेव्हा फसगत होऊ नये म्हणून आम्लाने त्याचा आधीच नाश करावयाचा, हे त्याचे उत्तर आहे. ब्रोमाइडचा साका फिकट पिवळा, आयोडाइडचा पिवळा. पहिला अमोनियात विरघळतो, दुसरा कष्टाने थोडासा, तिसरा विरघळत नाही. येथे विद्राव्यता गुणाकाराचे प्रकरण आले. पहिला साका अमोनियात का विरघळतो, असे विचारले की जटिल आयनांचे प्रकरण आले. कारण चांदीचा आयन दोन अमोनिया रेणूंना धरून विद्राव्य रूपात जातो. हाच अमोनियायुक्त चांदीचा आयन टॉलेन्सच्या अभिकर्मकात असतो आणि अल्डिहाइडची ओळख पटवताना परीक्षानळीच्या आतल्या बाजूस चांदीचा आरसा चढवतो. म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्र आले. आयनाने इलेक्ट्रॉन घेतला, ते क्षपण झाले. तोच इलेक्ट्रॉन विद्युतप्रवाहाने पुरवला तर ९६,५०० कुलोम विद्युतभारामागे १०८ ग्रॅम चांदी ऋणाग्रावर जमते. हे विद्युतरसायन झाले. क्रमिक पुस्तकात हे सर्व वेगवेगळ्या प्रकरणांत, कधी दोन वेगवेगळ्या वर्षांत विखुरलेले असते. विद्यार्थ्याने ते एका कागदावर आणून मध्यभागी 'चांदी' असे लिहावे व रेघा ओढाव्यात. सहा प्रकरणांतील सहा गोष्टी स्वतंत्रपणे आठवण्यापेक्षा एकीच्या शेपटीला दुसरी बांधून आठवणे कितीतरी सुकर असते. मनुष्याचे मन एका वेळी फार थोड्या वस्तू धरून ठेवू शकते. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली ही मर्यादा साताच्या आसपास सांगितली होती. पण एकत्र बांधलेली जुडी ही मनाच्या दृष्टीने एकच वस्तू ठरते.

तांबे, लोखंड, अमोनिया, एथेनॉल यांचेही असेच कागद करता येतील. दुसऱ्याने केलेला कागद मात्र जवळजवळ निरुपयोगी असतो, मग तो कितीही सुबक छापलेला का असेना.

गणितांकडे वळताना मोल या कल्पनेपाशी थांबणे भाग आहे, कारण अर्ध्याअधिक चुकांचे मूळ तेथे असते. वरील विक्रियाच घ्यावी. १.७० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातील सर्व चांदी साका म्हणून काढावयाची असेल तर किती मीठ लागेल? समीकरणात एकास एक असे प्रमाण दिसते, म्हणून घाईत असलेला विद्यार्थी मीठही १.७० ग्रॅम, असे उत्तर देतो. समीकरण ग्रॅमची भाषा बोलत नाही. ते कणांची संख्या सांगते. एक पोते तांदूळ आणि एक पोते नारळ यांत नगांची संख्या सारखी नसते, तसेच हे. सिल्व्हर नायट्रेटच्या एका मोलचे वस्तुमान १७० ग्रॅम, म्हणून १.७० ग्रॅम म्हणजे ०.०१ मोल. मीठही ०.०१ मोल लागेल आणि त्याचे मोलीय वस्तुमान ५८.५ असल्याने ते ०.५८५ ग्रॅम भरेल. साका ०.०१ मोल, म्हणजे १.४३५ ग्रॅम मिळेल. द्रावणात सोडियम नायट्रेट उरेल ०.८५ ग्रॅम. आता ताळा पाहावा. आधीचे १.७० आणि ०.५८५ मिळून २.२८५, नंतरचे १.४३५ आणि ०.८५ मिळूनही २.२८५. किल्ला बदलला, दगडांचे वजन तेच राहिले. हा ताळा करावयास अर्धे मिनिट लागते आणि तो करणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच आढळतो.

सर्व गणिते ग्रॅमपासून मोलकडे, मोलपासून मोलकडे आणि पुन्हा ग्रॅम, लिटर किंवा संहतीकडे अशा तीन पावलांची असतात. यातील मधले पाऊल समीकरणावरून ठरते आणि तेच वगळले जाते. सरावाच्या बाबतीत एक सूचना महत्त्वाची आहे. एकाच प्रकारची वीस गणिते ओळीने सोडवली की एकविसावे हात आपोआप सोडवतो. पण चाचणीत कोणते गणित कोणत्या प्रकारचे आहे हे कोणी सांगत नाही. म्हणून वायुनियम, संहती, समतोल व उष्मा यांची गणिते चिठ्ठ्यांवर लिहून ती मिसळावीत आणि हाताला येईल ती सोडवावी. प्रारंभी चुका वाढतील. तेवढ्यावरून पद्धत टाकून देऊ नये. एककांकडेही लक्ष हवे. वायूचा स्थिरांक ८.३१४ घ्यावयाचा की ०.०८२१, हे दाब पास्कलमध्ये व आकारमान घनमीटरमध्ये आहे की दाब वातावरणांत व आकारमान लिटरमध्ये आहे यावर अवलंबून असते, आणि सेल्सिअसचे केल्व्हिन करावयास विसरल्याने जितके गुण जातात तितके कठीण प्रश्नांनीही जात नसतील.

असेंद्रिय रसायनशास्त्र म्हणजे निव्वळ पाठांतर, हा समज फार पसरलेला आहे. ज्याने आवर्त सारणी दिली त्या मेंडेलेव्हचे उदाहरण येथे बोलके ठरेल. १८६९ साली तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होता आणि ज्ञात असलेली ६३ मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने सांगावीत, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. म्हणजे ही सारणी मुळात शिकवण्याच्या सोयीतून जन्मास आली. तीत त्याने रिकाम्या जागा सोडल्या आणि तेथे येणाऱ्या मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच सांगितले. १८७५ साली गॅलियम सापडले तेव्हा शोधकाने त्याची घनता ४.७ अशी मोजली. मेंडेलेव्हने ती ५.९च्या आसपास असली पाहिजे असे कळवले, आणि अधिक शुद्ध नमुना घेऊन मोजता ती तशीच निघाली. विद्यार्थ्यानेही सारणीचा उपयोग असाच करावा. एखाद्या गणातील दोन मूलद्रव्यांची माहिती वाचावी, तिसऱ्याची स्वत: लिहून काढावी आणि मगच पुस्तकाशी ताडून पाहावी. जेथे अंदाज चुकेल तेवढेच अपवाद लक्षात ठेवावयाचे उरतात, आणि अपवाद थोडे असतात.

पुस्तकातील आकडा आणि प्रत्यक्ष यांची सांगड घालण्याची सवयही उपयोगी पडते. पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस, हे सर्वांना पाठ असते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. तेथील प्रयोगशाळेत पाणी ९७.५ अंशांच्या आसपासच उकळते. तापमापी बिघडलेली नसते. वातावरणाचा दाब कमी असतो. याच तत्त्वाचा दुसरा आविष्कार याच शहरात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूरचे चंदन तेल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. युद्धाने ती वाट बंद केली तेव्हा संस्थानाने स्वत:चे कारखाने काढले. १९१६ साली बंगळूरला व त्यापाठोपाठ म्हैसूरला. चंदनाच्या तेलातील मुख्य घटक असलेली सॅन्टॅलोल ही अल्कोहोले ३०० अंशांच्या आसपास उकळतात, पण त्या तापमानाला तेल खराब होईल. लाकडाच्या भुशातून वाफ सोडली की पाणी व तेल या न मिसळणाऱ्या द्रवांच्या बाष्पदाबांची बेरीज होते आणि मिश्रण पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षाही किंचित कमी तापमानाला ऊर्ध्वपातित होते. सुगंधी द्रव्यांचा हा व्यवसाय ज्याने डोळ्यांपुढे आणला, त्याला 'बाष्प ऊर्ध्वपातनाचे तत्त्व सांगा' या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागत नाही.

वेळेच्या वाटणीबद्दल थोडे. सहा तास अभ्यास करावयाचा असेल तर तो एका रविवारी करण्यापेक्षा सहा दिवस रोज एक तास करावा. मधल्या काळात जे थोडेबहुत विसरले जाते ते पुन्हा आठवण्याच्या खटपटीतच स्मरण पक्के होते. जुन्या प्रश्नपत्रिका शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. तो बरोबर नाही. पहिली प्रश्नपत्रिका अभ्यासाच्या आरंभीच, काही येत नसतानाही, घड्याळ लावून सोडवावी. झालेल्या चुका एका वहीत लिहाव्यात, पण नुसते बरोबर उत्तर न लिहिता चूक का झाली तेही लिहावे: कल्पना समजली नव्हती, आकडेमोड चुकली की प्रश्नच नीट वाचला नाही. तिन्हींचे इलाज निराळे आहेत. चार-पाच जणांनी मिळून अभ्यास करावयाचा झाल्यास प्रत्येकाने एक भाग दुसऱ्यांना फळ्यावर समजावून द्यावा. अन्यथा अशा बैठका चहा आणि गप्पांत संपतात. घरी धाकटे भावंड असेल तर तेही चांगला श्रोता ठरते, कारण ते 'का' असे विचारल्याशिवाय राहत नाही. आदल्या रात्री झोप मोडून मिळवलेले दोन तास दुसऱ्या दिवशी आकडेमोडीत व्याजासह परत द्यावे लागतात.

प्रत्यक्ष परीक्षेत पहिली काही मिनिटे प्रश्नपत्रिका पूर्ण वाचण्यात घालवावीत आणि ज्याची सूत्रे किंवा नावे विसरण्याची भीती वाटते ती कच्च्या पानावर लगेच टिपून ठेवावीत. गणितात अंतिम उत्तर चुकले तरी पायऱ्यांना गुण मिळतात, तेव्हा पायऱ्या गाळू नयेत.

प्रात्यक्षिकाच्या चाचणीत हात शिकलेला असावा लागतो आणि तो वाचून शिकत नाही. अनुमापनाचेच उदाहरण घ्यावे. रंगहीन द्रावण असेल तर ब्युरेटमधील वाचन द्रवाच्या पृष्ठाच्या खालच्या वक्राशी घेतात. पोटॅशियम परमँगनेटचा रंग इतका गडद असतो की खालचा वक्र दिसत नाही, म्हणून ते वरच्या कडेशी घेतात. ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन करताना द्रावण साधारण ६० अंशांपर्यंत तापवलेले असावे. या प्रयोगात पहिला जांभळा थेंब विरून जावयास बराच वेळ घेतो आणि नवखा विद्यार्थी घाबरून जातो. आपले द्रावण चुकले अशी त्याची समजूत होते, किंवा अंतिम बिंदू आला असे मानून तो तोटी बंद करतो. वास्तविक विक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचे उत्प्रेरक असतात आणि प्रारंभी ते नसतात. पात्र हलवीत क्षणभर थांबले की रंग जातो, दुसरा थेंब लवकर विरतो, तिसरा त्याहूनही लवकर; आणि पुढे अखेरच्या थेंबाने आलेली फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की वाचन नोंदवावे.